दानाचे आत्मनेपद : हुआन दे दिओस यांच्या शुश्रूषासंघाचा इतिहास

१

धर्मादाय संस्थांचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः दोन साधनांचा आश्रय करतात. पहिले साधन म्हणजे संस्थेची कागदपत्रे, अर्थात सनदा, नियमावल्या आणि हिशेब. दुसरे म्हणजे संस्थापकांची चरित्रे. तिसरे एक साधन सहसा दुर्लक्षित राहते, ते म्हणजे संस्थेची भाषा. मदत मागताना संस्थेने कोणती वाक्यरचना वापरली, आपल्या व्रतांना कोणती नावे दिली आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांना ती काय म्हणून संबोधू लागली, या गोष्टींतून तिचे स्वरूप पुष्कळदा सनदेपेक्षाही स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात एका कॅथलिक शुश्रूषासंघाचा इतिहास या तिसऱ्या साधनाच्या साहाय्याने पाहण्याचा यत्न केला आहे.

हा संघ म्हणजे संत हुआन दे दिओस, अर्थात 'देवाचा योहान', यांच्या नावाने चालणारा बंधुसंघ होय. मध्ययुगीन धर्मयुद्धांतून उदयास आलेल्या आणि माल्टा बेटामुळे प्रसिद्धी पावलेल्या योहानपंथी सरदारसंघाशी त्याचा संबंध नाही. त्याचप्रमाणे गोमंतकात पावसाळ्याच्या आरंभी विहिरीत उड्या घेऊन ज्याचा सांजांव साजरा होतो, तो बाप्तिस्मा देणारा योहानही निराळा. आपला योहान सोळाव्या शतकातील एक मेंढपाळ, शिपाई, मजूर आणि पुस्तकविक्रेता होता. आज त्याच्या नावाने चालणारी इस्पितळे, मनोरुग्णांची केंद्रे, अपंगांची निवासस्थाने आणि बेघरांचे आश्रय पन्नासाहून अधिक देशांत आहेत.

गेल्या काही दशकांत या संघाच्या कामाचा भर मोठ्या इमारतींकडून वस्त्यांकडे सरकला आहे. रुग्णाच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करणे, अपंगांना त्यांच्याच गावी राहता यावे अशी सोय करणे, बेघरांना निवारा आणि कामाची वाट दाखवणे, अशा उपक्रमांना त्यात प्राधान्य मिळाले आहे. हे वळण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नव्या सामाजिक धोरणाचे फळ मानले जाते. ते मत चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. ज्या गोष्टीस आज नवे धोरण म्हटले जाते, तिचे बीज या संघाच्या पहिल्या हाकेतच होते, आणि तिचा विसर पडला तेव्हा काय घडले, हे या इतिहासाचे खरे मर्म आहे.

२

हुआन यांचा जन्म १४९५ मध्ये पोर्तुगालमधील मोंतेमोर-ओ-नोव्हो या गावी झाला. त्यांचे मूळ नाव जुआंव सिदाद. वयाच्या आठव्या वर्षी घर सुटले, आणि स्पेनमधील ओरोपेसा येथे परक्यांच्या आश्रयाने, मेंढरे राखीत, ते लहानाचे मोठे झाले. पुढे दोनदा त्यांनी सैन्यात नोकरी केली. १५२३ मध्ये ते फ्रेंचांविरुद्ध फुएंतेराबिया येथे होते, आणि १५३२ मध्ये तुर्कांविरुद्ध व्हिएन्नाकडे गेलेल्या फौजेत होते. त्यानंतर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सेउता येथे तटबंदीच्या कामावर त्यांनी मजुरी केली आणि त्या मजुरीवर एका हद्दपार झालेल्या पोर्तुगीज कुटुंबाचे पोट भरले, असे चरित्रकार सांगतात. शेवटी पाठीवर पुस्तके घेऊन ती विकीत विकीत ते ग्रनादा नगरीत आले आणि एल्विरा दरवाजापाशी त्यांनी लहानसे दुकान थाटले.

ग्रनादा हे मुसलमानांचे अखेरचे स्पॅनिश राज्य १४९२ मध्ये जिंकले गेल्यास तेव्हा अर्धशतकही लोटले नव्हते. शहरात धर्मांतरित मूर होते, नोकरी संपलेले शिपाई होते, आणि कोणत्याही पेठेत ज्यांना थारा नाही असे पुष्कळ भटके होते. १५३० च्या दशकाच्या अखेरीस, संत सेबास्तियन यांच्या सणाच्या दिवशी, हुआन दे आविला या प्रख्यात उपदेशकाचे प्रवचन ऐकून या पुस्तकविक्रेत्याचे चित्त पार हेलावून गेले. दुकानातील माल त्याने वाटून टाकला व फाडून टाकला, आणि तो रस्त्यांतून आक्रोश करीत हिंडू लागला. लोकांनी त्यास वेडा ठरवून शाही इस्पितळात नेऊन टाकले.

हे इस्पितळ फर्डिनांड आणि इझाबेला या राजदंपतीने १५०४ मध्ये स्थापिले होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे वेडावरील उपचारात फटक्यांचाही समावेश होता, आणि ते फटके हुआन यांना पुरेपूर मिळाले. १५८५ मध्ये ग्रनादा येथे प्रसिद्ध झालेले फ्रान्सिस्को दे कास्त्रो यांचे चरित्र हे या बाबतीत आपले मुख्य साधन आहे. स्वतः मार खात असतानाही इतर वेड्यांना अशी वागणूक का देता, असे हुआन सेवकांना विचारीत, आणि आपल्या मनाप्रमाणे गरिबांची सेवा करता येईल असे एक इस्पितळ आपणांस लाभावे, ही इच्छा त्यांच्या मनात तेथेच उत्पन्न झाली, असे कास्त्रो सांगतात.

चरित्रकाराच्या भक्तिभावाची वजाबाकी केली तरी एक गोष्ट उरतेच. शुश्रूषेच्या या परंपरेचा आरंभ शुश्रूषा करणाऱ्याच्या अनुभवातून झालेला नाही. तो ज्याची शुश्रूषा व्हावयाची त्याच्या अनुभवातून झाला आहे. संस्थापक हा प्रथम त्या घरातील रुग्ण होता.

३

इस्पितळातून सुटल्यावर हुआन लाकडाच्या मोळ्या विकू लागले आणि थोड्याच काळात एक घर भाड्याने घेऊन त्यात त्यांनी रस्त्यावर पडलेल्या आजाऱ्यांना आणून ठेवले. रात्र पडली की पाठीवर मोठी टोपली आणि दोरीने अडकवलेली दोन मडकी घेऊन ते शहरातून हिंडत आणि मोठ्याने हाक देत. या हाकेचा आशय कास्त्रो यांनी नोंदवून ठेवला आहे. स्वतःचे भले करू इच्छिणारा कोणी आहे काय, असे ते प्रथम विचारीत, आणि मग देवाच्या प्रेमाखातर भावांनी स्वतःचेच भले करावे असे विनवीत. इटलीत या संघास 'फातेबेनेफ्रातेल्ली' म्हणजे 'भावांनो, चांगले करा' असे जे नाव पडले ते या हाकेमुळेच. हाकच संघाचे नाव झाली.

या हाकेची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. याचक सामान्यतः 'मला द्या' असे म्हणतो. दाता हा कर्ता, दिलेली वस्तू हे कर्म आणि याचक हे संप्रदान, अशी तिची कारकव्यवस्था असते. दिलेल्या वस्तूच्या द्वारे कर्ता ज्याच्यापर्यंत पोहोचू इच्छितो ते संप्रदान, असे पाणिनीने सांगितले आहे. आपल्याकडे दारी येणाऱ्या ब्रह्मचाऱ्याच्या भिक्षावाक्यात 'मला' हा शब्द उच्चारला जात नाही, परंतु तो गृहीत असतो. महाराष्ट्रातील वासुदेवाची रीत याहून निराळी आहे. सुपातले धान्य झोळीत पडले की दान देवदेवतांना 'पावले' असे तो म्हणतो, म्हणजे संप्रदानाच्या स्थानी तो स्वतःस न ठेवता देवास ठेवतो. हुआन यांनी तिसरीच वाट धरली. त्यांच्या हाकेत संप्रदानाच्या स्थानी ना याचक आहे, ना देव. तेथे आत्मवाचक सर्वनाम आहे. जो देणार त्यालाच मिळणार, असे त्या वाक्याचे व्याकरण सांगते.

संस्कृत व्याकरणात या अर्थासाठी धातूचे एक स्वतंत्र रूपच आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असेल तर उभयपदी धातूस आत्मनेपद लागते. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा ऋत्विज 'यजति', आणि आपल्यासाठी यज्ञ करविणारा गृहस्थ 'यजते', हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. 'यजमान' हा शब्द याच आत्मनेपदी रूपापासून सिद्ध झाला असून मराठीत तो पाहुण्याचे आतिथ्य करणाऱ्या गृहस्थास लागू झाला. या दृष्टीने हुआन यांची हाक हे दानाचे आत्मनेपद होय. ग्रनादाच्या श्रीमंतांना त्यांनी उपकारकर्ते म्हणून साद घातली नाही. यजमान होण्याची संधी देऊ केली.

या रचनेमागे पापक्षालनाचे ख्रिस्ती धर्मशास्त्र होते, हे नाकारण्याचे कारण नाही. दान हे दात्याच्या आत्म्यास तारते, ही समजूत त्या काळी युरोपात सर्वत्र होती. या समजुतीत एक धोकाही आहे. फळ जर कर्त्याकडेच जात असेल, तर ज्याच्या निमित्ताने ते मिळते तो गरीब निव्वळ निमित्त होऊन बसण्याचा संभव असतो. या धोक्याकडे आपणांस पुढे पुन्हा वळावे लागेल.

४

त्या घरात कोण राहत होते याची माहिती खुद्द हुआन यांच्या पत्रांतून मिळते. त्यांची सहा पत्रे उपलब्ध आहेत. गुतिएरे लासो या सद्‌गृहस्थास लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या घराचे वर्णन 'सर्वांसाठी खुले घर' अशा अर्थाच्या शब्दांनी केले आहे आणि लगेच त्यात असलेल्यांची यादी दिली आहे. तीत पांगळे, थोटे, कुष्ठरोगी, मुके, वेडे, लकवा झालेले, खवड्यांनी ग्रासलेले, जराजर्जर वृद्ध आणि पुष्कळशी मुले आहेत. शिवाय वाटसरू आणि यात्रेकरू येत, त्यांना विस्तव, पाणी, मीठ आणि रांधण्यासाठी भांडी दिली जात. सारे मिळून एकशेदहाहून अधिक माणसे तेथे होती, आणि घरास ठरावीक उत्पन्न काहीच नव्हते. कपडे, जोडे, चादरी, घोंगड्या आणि टाकून दिलेल्या मुलांचे संगोपन यांपायी दोनशेहून अधिक डकॅटांचे कर्ज झाल्याचेही ते लिहितात. कर्जाचा हा विषय त्यांच्या पत्रांतून वारंवार येतो. १५५० मध्ये मृत्युशय्येवर असताना आपली कर्जाची वही त्यांनी आर्चबिशपच्या हाती दिली आणि आर्चबिशपने ते फेडण्याचे वचन दिले, अशी नोंद आहे.

या माहितीवरून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की या घरास वर्गवारी मान्य नव्हती. तत्कालीन युरोपात कुष्ठरोग्यांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि वेड्यांसाठी निरनिराळ्या संस्था असत, व प्रवेशाचे नियमही असत. येथे ज्याला दुसरीकडे जागा नाही त्याला जागा होती. दुसरी गोष्ट अशी की घरास उत्पन्न नसल्यामुळे रोज रात्री बाहेर पडणे अपरिहार्य होते. घर आणि रस्ता यांमध्ये भिंत उभी राहण्यास अवसरच नव्हता. आत काय चालले आहे हे शहरास ठाऊक असे, कारण जो मागावयास येई तोच आत सेवा करी, आणि मागताना त्यास घराची हकीकत सांगावीच लागे.

त्यांचे पहिले अनुयायीही रस्त्यावरूनच आले. आंतोन मार्तिन हा आपल्या भावाच्या मारेकऱ्याचा सूड उगवण्यासाठी ग्रनादात आला होता. हुआन यांनी त्या दोघांचा समेट घडविला आणि दोघेही त्यांच्या घरात सेवेस राहिले, अशी परंपरा आहे. याच आंतोन मार्तिनने पुढे माद्रिद येथे इस्पितळ काढले. तेथील एक चौक आजही त्याच्या नावाने ओळखला जातो.

५

संस्थापकाच्या निधनानंतर या अनौपचारिक मंडळीचे रूपांतर संस्थेत झाले. १५७२ मध्ये पोप पाचवे पायस यांनी तीस मान्यता देऊन संत ऑगस्टीनचा नियम लावून दिला. १५८६ मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी तीस स्वतंत्र धर्मसंघाचा दर्जा दिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांच्या जोडीला या संघात चौथे व्रत घेतले जाते. त्याचे नाव लॅटिनमध्ये 'होस्पितालितास' म्हणजे आतिथ्य असे आहे.

या नावाचे मूळ 'होस्पेस' या शब्दात आहे. लॅटिनमध्ये या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, यजमान आणि पाहुणा. घरात घेणारा आणि घरात येणारा या दोघांना प्राचीन रोमन एकाच नात्याची दोन टोके मानीत असल्याने एक शब्द त्यांस पुरे. पुढे युरोपीय भाषांत हे दोन अर्थ वेगळे झाले, आणि 'होस्पिताले' या विशेषणापासून आलेला शब्द आजाऱ्यांच्या इमारतीपुरता उरला. आपला 'इस्पितळ' हा शब्द त्याच कुळातील आहे. शब्दाचा हा प्रवास आणि संघाचा प्रवास यांत साम्य आढळते. नात्याचे नाव इमारतीचे नाव झाले.

इमारती मात्र झपाट्याने वाढल्या. रोममध्ये टायबर नदीतील बेटावर १५८० च्या दशकात संघाचे इस्पितळ सुरू झाले. सतराव्या शतकाच्या आरंभी मारी द मेदिची या राणीच्या निमंत्रणावरून पॅरिसमध्ये 'शारिते' इस्पितळ स्थापन झाले. व्हिएन्ना आणि प्राग येथेही शाखा निघाल्या. स्पॅनिश साम्राज्याबरोबर संघ अमेरिकेत गेला, आणि पोर्तुगीज राज्यात लष्करी इस्पितळांचे काम मोठ्या प्रमाणावर त्याच्याकडे आले.

याच ओघात १६८५ मध्ये तो जुन्या गोव्यात आला. मोंते सांतो या टेकडीवर, संत मोनिका यांच्या मठाशेजारी, आजाऱ्यांच्या सेवेसाठी त्याचा मठ आणि चर्च उभे राहिले. गोव्यात सार्वजनिक शुश्रूषेची व्यवस्था त्यापूर्वीच होती. तेथील राजाच्या इस्पितळाची कीर्ती युरोपीय प्रवाशांनी गाइली आहे, परंतु ते मुख्यत्वे युरोपातून आलेल्या शिपायांसाठी होते, आणि स्थानिक गरिबांची सोय निराळ्या ठिकाणी केली जाई. ग्रनादाच्या घरास जी वर्गवारी अमान्य होती तीच साम्राज्याच्या इस्पितळांची रचना ठरवीत होती. अशा व्यवस्थेत शिरलेल्या संघास आपले मूळचे सर्वांसाठी खुले घर जसेच्या तसे उभारता येणे कठीणच होते.

इमारतीने घडवून आणलेला आणखी एक बदल फ्रान्समधील शारांतोन येथे दिसतो. १६४१ मध्ये मिळालेल्या देणगीतून संघाने तेथे वेड्यांसाठी संस्था काढली. कालांतराने राजाच्या मोहोरबंद हुकमांन्वये, न्यायालयाच्या निवाड्याविना डांबलेली माणसेही तेथे ठेवली जाऊ लागली. मार्की द साद यास १७८९ च्या जुलै महिन्यात बास्तीयमधून हलविले ते येथेच. ज्या संघाचा संस्थापक स्वतः वेडा ठरवून कोंडला गेला होता, त्या संघाच्या हाती आता दुसऱ्यांच्या कोठड्यांच्या किल्ल्या होत्या.

६

फ्रेंच राज्यक्रांती आणि तिच्यामागून आलेली उदारमतवादी सरकारे यांनी धर्मसंघांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या. पोर्तुगालने १८३४ मध्ये आणि स्पेनने त्याच सुमारास संघ विसर्जित केले. जुन्या गोव्यातील मठ १८३५ मध्ये ओस पडला. आज जी इमारत दिसते ती बव्हंशी १९५३ मधील पुनर्बांधणीची आहे.

घर गेल्यावर काय उरते, या प्रश्नाचे उत्तर क्यूबातील एका माणसाच्या आयुष्यात मिळते. होसे ओलालो वाल्देस याचा जन्म १८२० मध्ये हवाना येथे झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यास अनाथालयात ठेवण्यात आले. तेथील सर्व मुलांना लागणारे 'वाल्देस' हेच त्याचेही आडनाव झाले. किशोरवयात तो संघात शिरला आणि १८३५ मध्ये पटकीची साथ चालू असताना पुएर्तो प्रिन्सिपे, म्हणजे आजचे कामाग्वेय, येथे गेला. संघ कायद्याने संपुष्टात येत होता, सहकारी एकामागून एक दिवंगत होत होते, नवीन कोणी येत नव्हते. शेवटी त्या बेटावर तो एकटाच बंधू उरला. तरी १८८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने तेथील सेवा सोडली नाही.

१८७३ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी इग्नासियो आग्रामोंते लढाईत पडला, आणि स्पॅनिश फौजेने त्याचे प्रेत शहरात आणून इस्पितळासमोरील चौकात टाकले. ओलालोने ते आत घेतले, चेहऱ्यावरील रक्त आणि चिखल पुसला आणि प्रार्थना केली. राजवटीच्या दृष्टीने हा शत्रू होता. ओलालोच्या दृष्टीने तो दारात आलेला पाहुणा होता. लोकांनी हे विसरू दिले नाही. २००८ मध्ये त्यास धन्यपद देण्यात आले तो समारंभ कामाग्वेय येथेच झाला, आणि लंडनमध्ये पूर्व युरोपातून आलेल्या बेघरांसाठी संघाने जो आश्रय उघडला त्यास ओलालोचेच नाव देण्यात आले. स्पेनमध्ये संघाची पुनःस्थापना १८६७ पासून बेनेदेत्तो मेन्नी यांनी केली, आणि १८८१ मध्ये सिएम्पोसुएलोस येथे मनोरुग्ण स्त्रियांच्या सेवेसाठी भगिनीसंघही त्यांच्या पुढाकाराने निघाला.

विसाव्या शतकातील एका प्रसंगी इमारतीची भिंत उपयोगी पडली, हेही येथे नमूद केले पाहिजे. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मन सैन्याने रोममधील ज्यूंची धरपकड केली तेव्हा टायबर बेटावरील संघाच्या इस्पितळात काही ज्यूंनी आश्रय घेतला. तेथील डॉक्टरांनी त्यांच्या नावापुढे 'के' नामक एका भयंकर सांसर्गिक रोगाची नोंद केली. असा रोग अस्तित्वातच नव्हता. केसेलरिंग आणि काप्लेर या जर्मन अधिकाऱ्यांच्या नावांच्या आद्याक्षराची ती चेष्टा होती. अर्थशून्य शब्दाने माणसे वाचविल्याचे याहून चांगले उदाहरण भाषेच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

७

आता तो धोका, ज्याचा उल्लेख वर राखून ठेवला होता. ऑस्ट्रेलियात संघाचे काम दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले आणि न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ मेरीलँड्स नावाची निवासी शाळा १९५५ ते १९८४ या काळात चालली. बौद्धिक अपंगत्व असलेली आणि घर नसलेली मुले तेथे ठेवली जात. ऑस्ट्रेलियातील शाही चौकशी आयोगाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार १९५० ते २०१० या काळातील तेथील बंधूंपैकी सुमारे ४० टक्क्यांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले होते. तपासलेल्या सर्व कॅथलिक संघांत हे प्रमाण सर्वाधिक होते. न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाने २०२३ मध्ये मेरीलँड्सवर स्वतंत्र अहवाल सादर केला, आणि तेथील अत्याचारांचे स्वरूप व व्याप्ती नोंदविली.

संघाचा इतिहास लिहिताना ही पाने गाळून पुढे जाणे इतिहासलेखनाच्या कसोटीस उतरणार नाही. ती पाने अपवाद म्हणून तळटीपेत टाकणेही योग्य नव्हे, कारण त्यांचा संबंध संघाच्या मूळ हाकेशी पोहोचतो. क्रियेचे फळ कर्त्याकडेच जावे, या तत्त्वाची सर्वांत भीषण विकृती म्हणजे आश्रितास आपल्या उपयोगाची वस्तू समजणे. ग्रनादात ही विकृती कशाने अडविली होती? हाकेच्या व्याकरणाने नव्हे. दार रोज रात्री उघडत होते आणि हाक देणारा स्वतः मार खाल्लेला रुग्ण होता, या दोन गोष्टींनी ती अडविली होती. दूरच्या निवासी शाळेत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. बोलू न शकणाऱ्या किंवा ज्याच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही अशा मुलाचे ऐकणारा बाहेरचा कोणी तेथे येत नव्हता.

८

या पार्श्वभूमीवर वस्तीतील उपक्रमांकडे पाहिले पाहिजे. मलावीतील म्झुझु येथे आयर्लंडच्या बंधूंनी १९९० च्या दशकाच्या आरंभी मानसिक आरोग्याचे काम सुरू केले. देशात मनोविकारतज्ज्ञ अत्यल्प असल्याने परिचारक आणि आरोग्यसेवक यांना प्रशिक्षण देणे, दूरच्या आरोग्यकेंद्रांत ठरल्या दिवशी दवाखाना भरवणे आणि रुग्णाच्या घरी जाऊन त्याच्या कुटुंबाशी बोलणे, ही पद्धत अवलंबिण्यात आली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या केंद्रास 'उमोझा' हे नाव दिले गेले. तुंबुका भाषेत त्याचा अर्थ ऐक्य असा आहे. भारतात केरळमधील कट्टप्पना या डोंगराळ भागात जर्मन बंधू फोर्तुनातुस तानहॉयझर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस काम आरंभिले, आणि त्यातून तेथे मोठे रुग्णालय उभे राहिले. घर आणि वस्ती या दोन्ही वाटा आजही चालू आहेत, आणि दोन्हींची गरज आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली तेव्हा मनरोव्हिया आणि लुनसार येथील संघाच्या इस्पितळांत राहून सेवा करणारे बंधू त्या रोगाला बळी पडले. त्यांनी इस्पितळे सोडली नाहीत, हेही याच इतिहासाचा भाग आहे.

तथापि घरी जाण्याच्या पद्धतीत एक गोष्ट घडते, तिचे महत्त्व केवळ सोयीचे नाही. इस्पितळात परिचारक हा यजमान असतो आणि रुग्ण हा पाहुणा. परिचारक रुग्णाच्या घरी गेला की ही नाती उलटतात. बसावयास जागा देणारा, पाणी पुढे करणारा, आत येऊ द्यावयाचे की नाही हे ठरविणारा आता रुग्ण किंवा त्याचे कुटुंब असते. ज्या दोन अर्थांना 'होस्पेस' या एका शब्दात एकत्र नांदता येत होते, ते येथे पुन्हा एकत्र येतात. वस्तीतील सेवेने अत्याचाराचा संभव नाहीसा होतो असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याची सेवा व्हावयाची त्याच्या हाती दाराची कडी राहते, हा फरक लहान नव्हे.

आपल्या आजच्या शासकीय मराठीत मदत घेणाऱ्यास 'लाभार्थी' असे म्हणण्याचा प्रघात आहे. लाभाची इच्छा धरणारा, असा त्याचा शब्दार्थ. या शब्दाने घेणाऱ्याच्या माथी इच्छा मारली जाते, आणि देणारा निरिच्छ उपकारकर्ता ठरतो. हुआन यांच्या हाकेप्रमाणे पाहिले तर लाभार्थी हा दाताच होता. समाजकार्याच्या अहवालांत आपण हा शब्द सवयीने लिहितो, तेव्हा तो कोणाचे चित्र कोणाच्या सोयीने रंगवीत आहे, याचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. नावे बदलल्याने व्यवहार बदलतोच असे नाही. परंतु व्यवहार बिघडत चालला की त्याची पहिली खूण नावांत उमटते, हे शारांतोनपासून मेरीलँड्सपर्यंतच्या या इतिहासावरून दिसून येते. वेडा, कैदी, रुग्ण, मूल हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले, की घराचे रूप पालटलेले असते.

या लेखात आपण संघासाठी 'शुश्रूषा' हा शब्द वापरला, तो केवळ रूढीमुळे नव्हे. 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूचे ते इच्छादर्शक रूप आहे. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. जवळ बसून सांगितलेले ऐकणारा तो शिष्य, आणि पुढे तोच सेवक, अशा क्रमाने त्यास सेवा हा अर्थ प्राप्त झाला. ग्रनादाच्या शाही इस्पितळात मार खाणाऱ्या त्या पुस्तकविक्रेत्याचे म्हणणे त्या दिवशी कोणी ऐकले नाही. पुढे त्याने जे घर काढले त्यात ते ऐकले जाऊ लागले. संघाच्या पाच शतकांच्या वाटचालीत जेथे जेथे हे ऐकणे थांबले तेथे तेथे घराचा तुरुंग झाला, आणि जेथे ते पुन्हा सुरू झाले तेथे, बहुधा, कोणीतरी टोपली पाठीला लावून घराबाहेर पडले होते.